हवेशी भांडणारा भाऊ

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली 'सुसाट' म्हणते. अनोळखी माणसाला हे ऐकून हसू येतं. समोर उभा असतो त्रेपन्न वर्षांचा, डावा पाय ओढत चालणारा, एक कप चहा संपवायला अर्धा तास लावणारा सायकल दुरुस्तीवाला. पंक्चर काढायला दिलेली सायकल 'संध्याकाळी घेऊन जा' म्हणतो, पण कोणत्या दिवसाच्या संध्याकाळी ते सांगत नाही. गिऱ्हाइकं आधी त्याच्यावर ओरडतात, मग जिना चढून माझ्याकडे येतात, कारण मी दुकानाच्या वरच राहते. "ताई, तुमच्या भावाला जरा सांगा की." काय सांगू? पन्नास वर्षं सांगतेच आहे.

त्याचं सगळं आयुष्य एका प्रश्नात गेलं. इंजीन नाही, उतार नाही, मागून वारा नाही, तर माणूस नुसत्या स्वतःच्या पायांनी किती जोरात जाऊ शकतो? हा प्रश्न त्याला कोणीही विचारला नव्हता. बाकीची माणसं बसनं जातात आणि गप्प बसतात.

एकोणिसाव्या वर्षी त्याला शोध लागला की उंच गाडीच्या अगदी मागं हवाच नसते. म्हणजे असते, पण ती गाडीबरोबर ओढली जाते, आपल्याला अडवत नाही. मग हा पठ्ठ्या फर्निचरच्या ट्रकच्या मागं हातभर अंतर ठेवून सायकल मारू लागला. घरी सांगायचा, 'क्लासला जातो.' एक दिवस ट्रकवाल्यानं कुत्र्यासाठी ब्रेक दाबला. कुत्रं वाचलं. ह्याच्या गुडघ्याचे तीन तुकडे झाले.

मी तेव्हा भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा तोंडावर. आई-बाबा दिवसा कामावर, म्हणून दवाखान्यात त्याच्याजवळ मी बसायचे. मांडीवर पुस्तक, पुस्तकात टकरींचा धडा, आणि समोर खुद्द टक्कर प्लास्टरमध्ये घोरत पडलेली. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला असेल? "ताई, अडुसष्ट झाला होता." हँडलला वेगाचा काटा बांधला होता म्हणे. प्लास्टर नसलेली जागा सापडली असती तर मी तिथं एक ठेवून दिली असती.

तेव्हा मी त्याला समजावलं, आणि तिथंच माझं चुकलं. वेगाचं शरीराला काही वाटत नाही, असं मी सांगितलं. चंद्रावरून परतणारी माणसं तासाला चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं आली, आणि आत बसून ती आरामात पाणी पीत होती. शरीराला कळतो तो वेगातला बदल. तुझा गुडघा अडुसष्टनं मोडलेला नाही, अडुसष्टवरून शून्यावर यायला तू जो डोळा मिटायचासुद्धा वेळ घेतला नाहीस, त्यानं मोडलाय. आता ह्यातून माणसानं काय घ्यावं? 'जपून' हा शब्द घ्यावा. त्यानं घेतलं ते एवढंच की वेगाचा काही दोष नाही.

गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. शर्यती संपल्या, दुकान आलं. मला वाटलं, विषयही संपला. पण बायकोपेक्षा तो त्या प्रश्नाशी जास्त वर्षं राहिला. बायको समजूतदार, सहा वर्षांत सोडून गेली. दुकानाच्या मागच्या खोलीत तो कागदावर कसले कसले आकार काढत बसायचा. माझी मुलगी शाळेतून आली की तिथंच पडीक. मी वरून हाका मारायचे, खालून दोघं एकदम ओरडायची, "आले, आले!" आणि कोणी यायचं नाही.

ती मुलगी आता तेवीस वर्षांची आहे आणि कुरिअर कंपनीत सायकलवरून पाकिटं पोचवते. पदवी घेऊन. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर. तिच्या मांड्या बघून शिंपीण मला म्हणाली, "ह्या मापाची सलवार मी पैलवानाला शिवली होती." हे ऐकून मला रडू आलं, आणि तिच्या मामाला आनंद झाला.

"ताई, इंजीन मिळालं," तो म्हणाला.

"ते इंजीन नाही, माझी लेक आहे."

"तेच म्हणतोय मी."

पुढचं दीड वर्ष माझ्या घरात दुसरा विषय नव्हता. ठरलं काय, तर ताशी ऐंशी. सपाट रस्त्यावर, पायांनी. मी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले आणि दोघांना हिशेब करून दाखवला. सावकाश जाताना सायकलला रस्ता अडवतो, पण वेग वाढला की अडवते ती हवा. वेग दुप्पट केला तर ताकद दुप्पट लागत नाही, आठपट लागते. जगातला सगळ्यात जोरात पळणारा माणूससुद्धा क्षणभरच चव्वेचाळीसच्या घरात पोचतो. म्हणून बसून राहा.

"बरोबर," माझा भाऊ मान डोलावत म्हणाला. "म्हणजे पाय वाढवायचे नाहीत, हवा कमी करायची."

ही माझ्या शिक्षणाची किंमत.

मी लेकीकडे वळले. "हे बघ, तुला वेगच हवाय ना? गादीवर झोपून राहा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर जाते, तू तिच्यावर आहेस, म्हणजे तूही जातेस. फुकट. हेल्मेटसुद्धा लागत नाही."

"पण ते मी नाही ना करत, आई."

"आणि कितीही केलंस तरी उजेडाच्या पुढं कोणी जात नाही. सेकंदाला तीन लाख किलोमीटर, तिथं दार बंद. मग ऐंशी काय आणि आठ काय?"

"दार बंद असू दे ग," तिचा मामा म्हणाला, "आम्हाला अंगणापर्यंत तरी जाऊ दे."

मग मागच्या खोलीत तो मासा तयार झाला. आम्ही त्याला मासाच म्हणायचो. बुटकी सायकल, तिच्यावर पाठीवर आडवं पडून पाय पुढं मारायचे, आणि सगळ्यावरून फोम आणि फायबरचं गुळगुळीत कवच. माझं इस्त्रीचं टेबल त्यात गेलं. चिकटवायच्या रसायनाचा वास माझ्या पडद्यांत अजून आहे. पण मला झोप लागेना ती दुसऱ्याच कारणानं. आत शिरल्यावर कवचाचं झाकण बाहेरून चिकटपट्टीनं बंद करतात. आतल्या माणसाला स्वतः बाहेर येता येत नाही. शिवाय पाय खाली टेकवायला जागाच नाही, म्हणजे निघताना कोणीतरी धरायचं आणि थांबताना कोणीतरी धावत जाऊन पकडायचं. नाहीतर मासा आडवा.

"आणि पकडायला कोणी नसेल तर?" मी विचारलं.

"असं कसं कोणी नसेल?" भाऊ म्हणाला. जगातली निम्मी संकटं ह्याच वाक्यानं सुरू होत असावीत.

शेवटच्या आठवड्यात मामा-भाचीचं जुंपलं, ते झरोक्यावरून. तोंडासमोर पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट होता, आणि त्याच्या किंचित खाली, बाजूला, हवा आत यायला दोन बोटांचा झरोका. मामा म्हणे, झरोका म्हणजे ब्रेक, हवा तिथं अडखळते, बुजवायचा. भाची म्हणे, तू आत झोपून बघ, भट्टी आहे भट्टी. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. गिऱ्हाइकं ऐकायला थांबू लागली. शेवटी मी जिन्यावरून खाली आले आणि दोघांना दम भरला. "बास! आता ह्या घरात झरोक्याचा शब्द कोणी काढायचा नाही. जो काढेल त्याला जेवण नाही." दोघं गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदा दोघांनी माझं ऐकलं.

आणि आदल्या दिवशी संध्याकाळी मी काय केलं? लेकीला सर्दी होती. लहानपणी तिचे कान सारखे फुटायचे, वारा लागला की रात्रभर ओरडायची. ऐंशीच्या वेगाचा वारा दोन बोटांच्या भोकातून थेट कानावर येणार, हे काही माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. दुकानात कोणी नव्हतं. मी पांढरी चिकटपट्टी घेतली, झरोक्यावर नीट, कडा दाबून, अगदी सफाईनं लावली आणि वर येऊन भाजी चिरत बसले. विज्ञानाची पदवीधर बाई.

शहराबाहेर एक नवा रस्ता आहे, चार किलोमीटर सरळ. पुढं नदीवर पूल व्हायचा होता, तो झाला नाही, म्हणून रस्ता नदीच्या अलीकडे मातीच्या ढिगाशी आणि लोखंडी पिंपांशी संपतो. पहिले अडीच किलोमीटर वेग घ्यायचा, मग दोन पांढऱ्या रेषांमधले दोनशे मीटर मोजायचे, आणि उरलेल्या अंतरात थांबायचं. शनिवारी पहाटे, वारा पडलेला असताना, आम्ही तिथं पोचलो. शेजारच्या बेकरीवालीनं आपली व्हॅन दिली होती, आणि पकडायला स्वतः आली होती. कणीक तिंबून तिचे दंड असे की तिच्यापुढं माझा नवरा म्हणजे काडी. ती आणि नवरा पलीकडच्या टोकाला उभी राहिली. मासा धरून सोडायचा माझ्या भावानं, आणि लगेच व्हॅन चालवत मागून जायचं. शेजारी मी, हातात स्टॉपवॉच. व्हॅनचं चाक पहिल्या रेषेवरून गेलं की दाबायचं, दुसऱ्या रेषेवर परत दाबायचं. लेकीच्या कानात फोन, तिचा आवाज व्हॅनमध्ये.

निघण्याआधी मामानं घुमटाजवळची पांढरी पट्टी पाहिली. मी बघत होते. त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, भाची नमली. लेकीनंही आत शिरताना ती पाहिली आणि ओठ आवळले. तिला वाटलं, मामानं आपलंच खरं केलं. दोघंही बोलली नाहीत. बोलणार कशी? जेवण मिळालं नसतं.

मासा सुटला. हळूहळू, मग कमी हळू, मग एकदम असा की व्हॅनचा काटा चढू लागला. चाळीस. पंचावन्न. नुसत्या पायांवर! मला कौतुक वाटायला लागलं होतं, हे कबूल करते. सत्तर. भाऊ स्टिअरिंगवर पुढं झुकून पुटपुटत होता, "ये, ये, ये ग माझी बाय." पहिली रेषा दिसली. मी अंगठा तयार ठेवला.

"मामा," फोनमधून आवाज आला, "काच धुरकट होतेय."

"थोडीशी होणारच."

"थोडीशी नाही. मला काही दिसत नाहीये. झरोका का बंद केलास?"

"मी? मी कुठं? तूच ना?"

"मी नाही!"

"मी केला," मी म्हटलं. "तुझ्या कानासाठी."

पहिली रेषा गेली. दुसरीही गेली. अंगठा तसाच राहिला.

"पाय थांबव," भाऊ म्हणाला. इतका शांत आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "आता फक्त सरळ राहायचं."

तिनं पाय थांबवले, पण मासा थांबेना. ज्या कवचावरून आम्ही दीड वर्ष हवेला निसटायला शिकवत होतो, त्या कवचाला हवा आता धरायलाही तयार नव्हती. साधी सायकल चार श्वासांत मंदावते. हा काटा सत्तरवर बसलेला, आणि पुढं पिंपं, आणि पलीकडे नदी.

"ब्रेक मारू?"

"एकदम नको. पुढचं चाक अडकेल. दाब, सोड. दाब, सोड. डावीकडे एक वीत. थोडं. पुरे. सरळ."

"मामा, किती राहिलं?"

"भरपूर आहे," तो म्हणाला. भरपूर नव्हतं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली टपकत होता आणि तो पुसायला त्याचा हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हता. मी? मी ओरडत होते. काय, ते मला माहीत नाही. नंतर लेक म्हणाली, "आई, तू 'स्वेटर घातलायस का' असं विचारत होतीस."

साठ. पंचेचाळीस. मग फोनमधून चमत्कारिक आवाज आला, कुत्रं ताटली चाटतं तसा.

"काय करतेस ग?"

"काच चाटतेय. हं, दिसलं! बटणाएवढं दिसतंय. बाबा दिसले!"

नवरा आणि बेकरीवाली धावत सुटली होती. मासा त्यांच्या हातांत आला तेव्हा पिंपं चाळीस पावलांवर होती. नवरा गुडघ्यावर पडला, पण बेकरीवालीनं कवच दोन्ही हातांनी असं धरलं, जणू ओव्हनमधून ट्रे काढतेय.

मी पट्ट्या ओरबाडून झाकण उचललं. आत लेक लालबुंद, केसांतून पाणी गळतंय, जीभ बाहेर.

"किती?" तिनं विचारलं.

"किती म्हणजे काय? जीव आहे ना शाबूत?"

"आई, किती झाले?"

मी घड्याळ दाखवलं. शून्य शून्य शून्य. दीड वर्ष, माझं टेबल, माझे पडदे आणि मामाची चौतीस वर्षं, सगळ्याचं उत्तर शून्य. ती जे बोलली ते इथं लिहीत नाही. मी तिला असं बोलायला शिकवलेलं नाही.

मला वाटलं, आता भाऊ फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. तो एका पिंपावर बसला, पाय लांब करून.

"मोडून टाकतो," तो म्हणाला. "ताई, मागून बघणाऱ्याचं असं होतं, हे मला माहीत नव्हतं."

पन्नास वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघत होते. आता ते आलं, तर लेक कमरेवर हात ठेवून उभी. "मोडायचं नाही. पट्टी काढा, मी परत जाते. वारा सुटायला अजून तास आहे."

"मी नाही सांगणार," मामा म्हणाला. "ताईला विचार. ताई हो म्हणाली तर."

म्हणजे बघा! ट्रकच्या मागं जाताना विचारलं नाही, दुकान टाकताना विचारलं नाही, माझं टेबल उचलताना विचारलं नाही. जन्मात एकदा परवानगी मागितली, ती नेमकी अशा वेळी, जेव्हा 'नाही' म्हणायला मला तोंडच उरलं नव्हतं. नवऱ्याकडे बघितलं, तो गुडघ्यावरची माती झटकण्यात गुंतलेला. "अहो, काहीतरी बोला."

"ती तेवीस वर्षांची आहे," तो म्हणाला. एवढंच बोलतो तो. दरवर्षी एक आकडा वाढवून.

मी ती पट्टी स्वतःच्या हातानं सोलली. चांगली चिकटली होती मेली, नखं दुखली. मग झरोक्यावर गाल ठेवून हवा लागते का ते बघितलं. दोनदा बघितलं. शेवटी म्हटलं, "जा. पण हळू जा."

बेकरीवाली इतकी हसली की तिला रस्त्यावर बसावं लागलं.

दुसऱ्या फेरीत मी एक शब्द बोलले नाही. दात आवळून बसले होते. काच स्वच्छ राहिली. पहिल्या रेषेवर दाबलं, दुसऱ्या रेषेवर दाबलं. मासा शहाण्यासारखा थांबला, दोघांनी पकडला, झाकण निघालं. दोनशे मीटर, नऊ पूर्णांक सोळा सेकंद. भावानं खिशातल्या पेन्सिलीनं हातावर गणित केलं. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सहा.

"नऊ सेकंदांत जायला हवं होतं," तो म्हणाला. "सोळा शतांश जास्त लागले. ताई, तुझा अंगठा उशिरा पडला असेल."

"माझा अंगठा बरोबर होता."

"झरोक्यानं खाल्ले," भाची म्हणाली. "मामाचं खरं होतं." मग घाईनं, "पण उघडाच हवा."

"उघडा तर हवाच ग. पण मग ऐंशी कसे होणार?"

"लहान करू."

"लहान केला की काच धुरकटते."

झालं. पुन्हा तेच, आता मोकळ्या रस्त्यावर. एक तासापूर्वी ही पोर नदीत जाणार होती आणि हा माणूस मासा मोडून टाकणार होता, आणि आता दोघं बोटांनी मापं दाखवत एकमेकांवर ओरडत होती. माझं डोकं उठलं.

"अरे, चुकीच्या जागीच पाडलाय तो!" मी ओरडले. "बाजूनं हवा जोरात धावते, तिथं भोक पाडलं की ती अडखळणारच. पाडायचा तर अगदी नाकाच्या शेंड्यावर पाडा. तिथं हवा समोरून येऊन आपटते आणि थांबते. थांबलेली हवा आत घेतली तर फारसं काही बिघडत नाही. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे."

"हे आधी का नाही सांगितलंस?" भाऊ म्हणाला.

"तीन दिवस भांडत होतात, एकानं तरी विचारलं?"

"तूच म्हणालीस, झरोक्याचा शब्द काढायचा नाही."

परतताना व्हॅनमध्ये त्यानं बेकरीच्या कागदी पिशवीवर माशाचं नाक काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "भोक केवढं?"

"बाटलीच्या झाकणाएवढं."

"थोडं लहान नाही चालणार?"

"नाही. तिला श्वास घ्यायचाय."

"अगदी थोडं?"

"नाही म्हणजे नाही!"

मागून, बाबांच्या खांद्यावर ओलं डोकं टेकवून पडलेली लेक म्हणाली, "आई, अगदी थोडं लहान चालेल ग मला."